गच्चीची किल्ली

31 मे 2020 रोजी मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. माझा खरा जन्म श्रावणातला. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही तारीख लिहिली आणि माझ्या पिढीतल्या असंख्य माणसांप्रमाणे मीही मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी आलो. एरवी त्या दिवशी राज्यभरातल्या कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची आणि भाषणांची गर्दी असते. त्या वर्षी नव्हती. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या शाखेत चार माणसं हजर होती, चौघांच्या तोंडाला मास्क. मोजमाप-पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मी एका ट्रेमध्ये ठेवली, कुणीतरी तिच्यावर सॅनिटायझर मारलं, आणि सही करून मी निघालो. चौतीस वर्षं ती किल्ली माझ्या खिशात होती असं नाही. बदल्या झाल्या, कपाटं बदलली. पण खिशात कुठल्या ना कुठल्या कपाटाची किल्ली होतीच. त्या संध्याकाळी घरी येऊन पँट खुंटीला लावली तेव्हा नेहमीचा खुळखुळाट झाला नाही. ते मला आजही आठवतं.

पुढचे काही महिने मी एकच शब्द ऐकला: जपा. मुलगा बंगळुरूहून रोज रात्री फोन करायचा. शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘बाबा, जपा.’ मेहुणे तेच म्हणायचे, दूधवालाही फाटकाबाहेरून तेच म्हणायचा. केंद्राच्या सूचनांमध्ये 65 वर्षांवरची माणसं, गरोदर स्त्रिया आणि 10 वर्षांखालची मुलं एकाच ओळीत होती: यांनी घरीच राहावं. मी 58 वर्षांचा, म्हणजे त्या यादीत बसत नव्हतो. पण ‘निवृत्त’ हा शब्द नावाला चिकटला की माणूस आपोआप त्या यादीत जातो.

सूचना चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्या विषाणूने वय पाहून माणसं नेली, आणि घरी राहिल्यामुळे पुष्कळ जण वाचले. माझं भांडण त्या सूचनेशी नाही, तिने मागे ठेवलेल्या सवयीशी आहे. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. घराघरांतली ‘जपा’ ही आणीबाणी मात्र कुणी मागे घेतली नाही. बँकेत मुलगा जाऊन येतो, भाजी ॲपवरून येते, लग्नकार्यात आपल्याला पंख्याखालची खुर्ची मिळते. या प्रत्येक गोष्टीमागे माया आहे हे मी जाणतो. पण सगळ्यांची बेरीज केली की हाती असं आयुष्य उरतं, ज्यात आपण उद्या सकाळी उठलो नाही तर चहाच्या एका कपापलीकडे काहीही अडत नाही.

म्हातारपणी माणसाला जपणारं कुणीतरी लागतंच. पण आपल्यावाचून अडणारं काहीतरी त्याहून जास्त लागतं, हे मला या लेखात मांडायचं आहे. हे मी ज्या जागी शिकलो ती जागा म्हणजे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीची गच्ची.

गच्चीला कुलूप होतं. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात गळायचं, त्यावरून जुना वाद झाला होता आणि समितीने गच्ची बंदच करून टाकली होती. टाळेबंदीत महापालिकेच्या बागा कित्येक महिने बंद राहिल्या, तेव्हा लोकांना फिरायला गच्ची हवीशी झाली. एका वेळी एकाच घराने वर जायचं, पाळी लावून, असं ठरलं. पाळ्या कोण लावणार? दिवसभर घरात कोण असतं? अशा रीतीने गच्चीची किल्ली माझ्याकडे आली. पाळी लावणं हा माझा जुना धंदा. कालव्याच्या पाण्याला आम्ही शेजपाळी लावतो: कुठल्या शेतकऱ्याला कुठल्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, हे आधी ठरवून कागदावर उतरवायचं. पाण्याच्या कामात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. कालव्याच्या मुखाशी असलेला शेतकरी कधीच तहानलेला राहत नाही. राहतो तो शेपटाकडचा. म्हणून शहाणा अधिकारी भरणं शेपटाकडून सुरू करतो.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर एकटे राहत. वय 71. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी परदेशात. त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली ती फिरण्यासाठी नव्हे. त्यांच्या बाल्कनीत ऊन येत नव्हतं आणि गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात लावलेला कढीपत्ता मलूल झाला होता. तो आम्ही दोघांनी चार फुटांचं अंतर राखायचा प्रयत्न करत, आणि तो सोडून देत, वर नेला. मग अबोली गेली, गुलबक्षी गेली, अळू गेलं, दोन मिरच्या आणि एक मायाळूचा वेल गेला. मला झाडांतलं काही येत नव्हतं. टीएमसीमध्ये पाणी मोजणाऱ्याला कुंडीला किती पाणी लागतं ते ठाऊक नसतं. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर, आणि पुण्याच्या वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून असे 29 टीएमसी मावतात, हे मी झोपेतही सांगितलं असतं. कुंडीत बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसायचं, माती ओलसर लागली तर झारी खाली ठेवायची, हे मला पोस्टमास्तरांनी शिकवलं. बहुतेक कुंड्या तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात, असं ते म्हणत. रोज पाणी, रोज पाणी, आणि मुळं कुजतात.

मार्च 2021 मध्ये साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं, तेव्हा मोबाइलवर त्यांची नोंदणी मी करून दिली. पहिला डोस झाला. एप्रिलच्या लाटेत ते गेले. त्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांनी तो एप्रिल पुण्यात काढला त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि इतरांना सांगून कळणार नाही. मुलीने अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. आमच्याही घरात आजार होता. सतरा-अठरा दिवसांनी मी दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि जिना चढताना मला एकदम आठवलं की वर कुंड्या आहेत.

एप्रिलमधली पुण्याची गच्ची म्हणजे तवा असतो. मिरच्या वाळून काड्या झाल्या होत्या. मायाळूचा वेल कठड्यावर सुतळीसारखा पडला होता. कढीपत्ता मात्र जिवंत होता, अबोलीला दोन फुलं होती. इमारतीचा राखणदार टाकी बघायला वर जायचा, तो जाता-येता एक तांब्या ओतत होता. ‘मास्तरांनी सांगितलं होतं,’ एवढंच तो म्हणाला. रुग्णवाहिकेत बसण्याआधी त्यांनी झाडांची व्यवस्था लावली होती.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सहाला वर जातो.

आता कुणी म्हणेल, छान, तुम्हाला छंद लागला, वेळ चांगला जातो. या दोन्ही शब्दांना माझा आक्षेप आहे. छंद म्हणजे आपल्या मर्जीने धरायची आणि सोडायची गोष्ट. मेच्या उन्हात कुंडीला दोन दिवस पाणी मिळालं नाही तर तिसऱ्या दिवशी तिथे रोप नसतं. आज पाऊस पडतोय, मूड नाही, मालिका चालू आहे, यांतलं काहीच तिथे चालत नाही. आणि वेळ ‘जाण्याचं’ म्हणाल तर, वेळ जावा म्हणून करायची कामं मी टाळेबंदीत पुष्कळ करून पाहिली. पत्ते, शब्दकोडी, जुने अल्बम लावणं. वेळ गेला, आणि दिवसाच्या शेवटी हात रिकामे ते रिकामेच. मिरचीची पानं आत वळायला लागली की तो चुरडामुरडा. फुलकिडे आणि कोळी पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात आणि चार दिवसांत सगळं झाड बोकडतं. ती पानं उलटून पाहायला भिंग घेऊन मी बसतो, तेव्हा मी वेळ घालवत नसतो. तेव्हा एका जिवाचं माझ्यावाचून अडलेलं असतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी, भेटीगाठी, सिनेमाचा वार तुम्ही ठरवा, आणि हे एक रोप घ्या, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ, हे रोप तुमचं, पण पाणी परिचारिका घालतील. रोप दोन्हीकडे सारखं, मायाही सारखी. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलती आणि जास्त समाधानी आढळली. दीड वर्षानंतर त्यांच्यातले मृत्यूही कमी भरले. हा मृत्यूचा आकडा लोक फार उचलून धरतात. मी अभियंता आहे. प्रत्येक गटात पन्नासच्या आत माणसं होती, तेवढ्यावर आयुर्मानाचा सिद्धान्त उभारू नये असं मला वाटतं. पण तो आकडा बाजूला ठेवला तरी परिचारिका ज्याला पाणी घालते ते रोप आणि आपण ज्याला पाणी घालतो ते रोप, यांतला फरक उरतोच. आपल्याकडची प्रेमळ घरं आजी-आजोबांना बहुतेक वेळा परिचारिकेचं रोप देतात.

आणि संस्थाही तेच देतात. पुण्यात प्रभागोप्रभागी ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘विरंगुळा केंद्र’ असतं. त्या खोल्यांनी अनेकांना एकटेपणातून वाचवलं आहे, करोनानंतर तर फारच. तिथे कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, भजनाचा वार आहे, 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचा सत्कार आहे. मी त्यांचा ऋणी आहे. पण ‘विरंगुळा’ हा शब्द मला टोचतो. कामाने शिणलेल्या माणसाला विरंगुळा लागतो. ज्याच्याकडचं काम काढून घेतलं आहे त्याने कशातून विरंगुळा मिळवायचा? त्या खोलीत बसलेल्या माणसांकडे पाहा: पंचवीस-तीस वर्षं हिशेब तपासलेला एक, प्रसूतिगृहात आयुष्य गेलेली एक परिचारिका, एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला एक वाहतूक नियंत्रक. प्रभागातली एक तरी गोष्ट त्यांच्या हाती का नसावी?

माझ्या बाबतीत ती गोष्ट कचरा निघाली.

गच्चीवर झाडं वाढवायची म्हणून मी माती आणायला निघालो होतो. मग गणित केलं. फूटभर ओल्या मातीच्या थराचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं. लोक वावरतात अशा गच्चीसाठी आराखड्यात साधारण दीडशे किलो भार धरलेला असतो. म्हणजे ज्या गळतीवरून गच्ची बंद झाली होती तिच्याहून मोठं संकट मी हौसेने डोक्यावर चढवणार होतो. शहरात गच्चीबाग करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. माती नको, पाला हवा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि दहा गुंठ्यांत कुटुंब जगवण्याचा हिशेब मांडला. त्यांच्या विचाराच्या मुळाशी पालापाचोळा आणि ऊन यांचंच गणित होतं. वाळलेला पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडी माती यांनी भरलेला अर्धा ड्रम मातीच्या ड्रमहून कितीतरी हलका होतो. तो तुळई आणि खांबांच्या वर, विटांवर उचलून ठेवायचा, म्हणजे पाणी तुंबत नाही.

चोवीस घरांचा ओला कचरा रोज दहा-बारा किलो. घनकचरा नियमांनुसार तो घरीच वेगळा करायचा असतो, आणि आमच्याकडे तो दारोदार जाऊन गोळा करत होत्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या एक ताई. टाळेबंदीत सगळं शहर दारं लावून बसलं होतं तेव्हाही त्या आल्या. वय माझ्याच आसपास. खत करायचं ठरल्यावर मी इंटरनेटवरून तक्ते काढले, तापमापक आणला. पहिल्या पंधरवड्यात ड्रमला असा वास सुटला की चौथ्या मजल्यावरून तक्रारी सुरू झाल्या, आणि पाठोपाठ पांढुरक्या अळ्या बाहेर पडल्या. ताईंनी एकदा झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘दादा, ह्याला नुसतं ओलं-ओलं खायला घालताय. कोरडं कुठाय?’

तेच चुकलं होतं. भाजीच्या देठांत नत्र जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. एक बादली ओल्याला दोन बादल्या कोरडा पाला पडला की वास थांबतो, कारण पाल्यामुळे आत हवा खेळते. मूठभर खत दाबलं तर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. असं जमलं की ड्रमच्या पोटात 55-60 अंशांपर्यंत ऊब धरते, हात ठेवता येत नाही, आणि रोगजंतू व तणाचं बी त्यातच मरतं. त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या चावत नाहीत, घरातल्या माशीसारखा रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या रस्त्यावरचे पर्जन्यवृक्ष झडतात. आधी तो पाला कोपऱ्यात जाळला जायचा, आता पोत्यांत भरून वर येतो. दोन-अडीच महिन्यांत भरलेला ड्रम तळाला बसतो आणि मातीचा वास यायला लागतो.

पण खतापेक्षा त्या तक्रारींबद्दल मला जास्त सांगायचं आहे. वासाच्या दिवसांत चौथ्या मजल्यावरचा एक तरुण दारात आला आणि मला अद्वातद्वा बोलला. रात्रपाळीवरून येऊन तो झोपतो, खिडकी उघडता येत नाही, तुम्ही रिकामे आहात म्हणून आम्ही का सोसायचं, असं बरंच. बायको घाबरली. मुलाला कळलं तर त्याने सगळं बंद करायला लावलं असतं. मी मात्र त्या रात्री शांत झोपलो. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला जाब विचारला होता. त्याआधी माझं काही चुकत नव्हतं, कारण माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. म्हाताऱ्या माणसाशी सगळे गोड बोलतात. त्या गोडपणात ‘तुमच्याने काही बिघडणारही नाही’ हे गृहीत असतं. जाब विचारणारा माणूस निदान तुमच्या हातात काहीतरी आहे हे मान्य करतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला वर नेऊन ड्रम दाखवले, कुठे चुकलं ते सांगितलं, आणि आठ दिवसांत वास थांबला नाही तर ड्रम हलवण्याचं कबूल केलं. सहाव्या दिवशी थांबला.

एखादी गोष्ट ‘सोपवणं’ म्हणजे काय, हे मी खात्यात शिकलो होतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचं पाणीवाटप आपल्याकडे घेतलं. हे यश पाहायला दुरून लोक येतात. 2005 मध्ये राज्याने त्यासाठी कायदाही केला. पण पुष्कळ ठिकाणी संस्था कागदावरच राहिल्या. माझ्या समजुतीप्रमाणे जिथे पाणी घनमापाने मोजून दिलं, वाटपाचा आणि पट्टी गोळा करण्याचा हक्क खरोखर दिला, तिथे शेतकरी उभे राहिले. जिथे फक्त ‘सहभाग’ मागितला तिथे ते एका सभेला आले, चहा प्यायले आणि परत गेले. म्हाताऱ्यांच्या बाबतीत सगळीकडे हाच ‘सहभाग’ चालू आहे. वृक्षारोपणाला त्यांना बोलावतात, रोपावर पाणी घालताना फोटो काढतात. त्या रोपाला मे महिन्यात पाणी कुणी घालायचं, टँकर कुणाच्या सहीने येणार, रोप मेलं तर उत्तर कुणी द्यायचं, हे त्यांच्या हाती कुणी देत नाही. किल्ली हातात न देता दिलेलं काम म्हणजे विरंगुळाच.

आमच्या राहत्या भागापासून हिंगणे फार लांब नाही, आताचं कर्वेनगर. धोंडो केशव कर्वे 1914 मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते, म्हणजे सरकारने ज्या वयात मला घरी पाठवलं त्याच वयाचे. 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ काढलं. कर्वे असामान्य होते हे मला मान्य आहे, आणि सर्वांनी कर्वे व्हावं अशी अपेक्षा क्रूर ठरेल. पण त्यांना कुणी ‘अण्णा, आता जपा’ म्हणून घरात बसवलं असतं तर काय काय राहून गेलं असतं, हा विचार हिंगण्यावरून जाताना माझ्या मनात येतोच.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. मला दरमहा निवृत्तिवेतन मिळतं, स्वतःचं घर आहे, गुडघे अजून जिने चढतात. म्हणून मला ‘आपल्यावाचून अडण्याची’ गोडी वाटते. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळू शकत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाच्या माणसाला 200 रुपये आहे. इतक्यावर जगणाऱ्याला मी कुंडीची गोष्ट सांगू शकत नाही. कचरा नेणाऱ्या त्या ताईंना निवृत्तीच नाही. त्यांच्यावाचून शहराचं रोज अडतं, आणि म्हणून त्यांचं म्हातारपण सुखाचं होतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्या पाठीला आराम हवा आहे, हातात पैसे हवे आहेत. आपल्यावाचून अडणं हे वरदान ठरायला पोट आधी भरलेलं लागतं. ज्येष्ठांच्या नावाने योजना आखणाऱ्यांनी हा क्रम उलटा करू नये. आणि माझ्यासारख्याने फुकटात हात लावून त्यांचं काम हिरावून घेऊ नये. म्हणून खत सुरू झाल्यावर ताईंचे घरटी पैसे कमी करावेत अशी सूचना सभेत आली तेव्हा मी विरोध केला. ओल्याचं ओझं कमी झालं, सुका कचरा त्या नेतातच, आणि आमचे ड्रम बिघडले तर सांगायला त्याच येतात. खताचा प्रकल्प असल्याने इमारतीला महापालिकेच्या सर्वसाधारण करात सवलत मिळू शकते. ती मिळाली तर तिच्यातला भाग त्यांना द्यावा हा माझा ठराव अजून मंजूर झालेला नाही. मी तो दर वर्षी मांडतो.

घरातही हीच गोष्ट आहे. मी निवृत्त झालो, बायको झाली नाही. टाळेबंदीत घरकामाच्या मावशी येईनाशा झाल्या आणि तिचं काम दुप्पट झालं, तेव्हा मी खिडकीशी बसून निवृत्तीचं दुःख करत होतो. आपल्यावाचून अडण्याचं तिला कौतुक नव्हतं, चाळीस वर्षं तिच्यावाचून अडतच आलं होतं. तिला हवी होती रजा. गच्चीने मला हेही शिकवलं की काम वाटायचं तर शेजपाळीसारखं वाटायला हवं: कुणाच्या शेतात पाणी तुंबलंय आणि कुणाचं कोरडं आहे ते आधी पाहायचं. आता सकाळचा नाश्ता आणि दोन्ही वेळची भांडी माझ्याकडे आहेत. सकाळी सहा ते सात मी गच्चीवर, आणि सात ते आठ ती गच्चीवर, एकटी. तिथे ती झाडांना हात लावत नाही. कठड्याशी उभी राहून सिंहगडाकडे पाहते.

गच्चीवर आता एकतीस कुंड्या आणि नऊ ड्रम आहेत. दाराशी खिळ्याला एक वही लटकवलेली आहे. कुणी कधी पाणी घातलं, कुंड्यांखालच्या ताटल्या कधी ओतल्या याची तीत नोंद असते. ताटल्यांचं पाणी दर रविवारी ओतावंच लागतं, डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठवड्याभरात पुरी होते. किल्लीच्या तीन नकला केल्या. एक त्या रात्रपाळीच्या तरुणाकडे आहे. दुसरी राखणदाराकडे. तिसरी दुसऱ्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलीकडे. तिने ती मागून घेतली, आणि तिच्या आईने ‘आजोबा, हिच्यावर भरवसा ठेवू नका’ असं सांगूनही मी दिली.

गेल्या मेमध्ये मी दहा दिवस गावी, साताऱ्याकडे गेलो होतो. इतक्या दिवसांत मुलाचा एकदाही ‘जपा’ आला नाही, मला वाटतं तोही दमला असेल. परत आलो तेव्हा रात्र झाली होती, तरी मी आधी वर गेलो. वहीत दहाही दिवसांच्या नोंदी होत्या. चौथ्या दिवशी लिहिलं होतं: ‘टाकीला पाणी कमी आलं, म्हणून शेवटच्या कुंड्यांना आधी घातलं.’ सातव्या दिवशी: ‘कढीपत्त्याच्या डब्याला खालून गंज लागून भोक पडलंय. नवीन डबा लागेल. आजोबा आल्यावर विचारणे.’ त्याखाली, दुसऱ्या शाईत: ‘विचारायला नको. आईकडून डबा घेतला. खाली भोकं पाडून झाड हलवलं.’